पाया पडताना गॉगल काढू नये

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की गोंदियाच्या हवेत एक वास येतो. आधी नुसता कोंड्याचा, मग उकड्या धानाचा, आणि आठवडाभरात दोन्ही असे मिसळतात की बाहेरगावचा माणूस स्टेशनावर उतरल्याबरोबर विचारतो, काही शिजतंय का. आम्ही म्हणतो, कुठं काय. आम्हाला तो येत नाही. मला तो वर्षातून एकदाच येतो, हंगामाच्या पहिल्या सकाळी, मिलच्या फाटकातून आत शिरताना. पाच मिनिटं. मग नाक त्याला घरचा समजून सोडून देतं.

मी मिलमध्ये नमुना पाहतो. म्हणजे ट्रॅक्टर आला की पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर धान काढायचं, छोट्या घिरटीवर सोलायचं, दाणे काळ्या थाळीत पसरायचे आणि सांगायचं: इतका अख्खा, इतकी कणी, इतका डागी, इतका पोचट. सत्तावीस वर्षं मी हेच करतोय. ह्या कामाला आता यंत्रही निघालं आहे. आमच्या शेठनी ते आणलंसुद्धा. ते कपाटावर ठेवलेलं असतं आणि मी कपाटाखाली बसलेलो असतो. आम्हा दोघांचं तसं बरं चाललं होतं.

गेल्या वर्षापासून मात्र मला प्रत्येक थाळीत एक काळा दाणा जास्तीचा दिसतो. धान कोणाचंही असो, शेत कुठलंही असो, तो हजर. ह्या वर्षीच्या पहिल्या थाळीतही तो होता, आणि त्याला पाहून मला मागच्या वर्षीची मंडई आठवली.

मंडई म्हणजे आमच्या भागातली दिवाळीनंतरची गावजत्रा. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. धान कापून झालेलं असतं किंवा व्हायचं असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, रस्त्यावर जिलेबीच्या कढया आणि फुगेवाले. आमचं गाव सालेकशाच्या अंगाला आहे. तिथे माझे मोठे भाऊ शेती करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो, गावही त्यांना दादाच म्हणतं, त्यामुळे ते आमचे आहेत की गावाचे हे त्यांना स्वतःलाही नीटसं ठरवता आलेलं नाही. मंडईला आम्ही सगळे तिथे जमतो. लहानपणी मंडईतली माझी खरेदी ठरलेली असायची: पिवळ्या प्लास्टिकच्या छऱ्यांची बंदूक. ती संध्याकाळपर्यंत मोडायची. तिचा छर्रा दोन हातांवर जाऊन, दमून, खाली पडायचा. बंदुकीशी माझा संबंध एवढाच. तो पुढे कधी वाढेल असं वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी पल्लवी आली ती दोन लांबलचक काळ्या पेट्या घेऊन. पल्लवी म्हणजे माझ्या ताईची मुलगी, माझी भाची. हैदराबादेत नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिच्या ऑफिसातले लोक शहराबाहेर जाऊन एअरसॉफ्ट नावाचा खेळ खेळतात. दोन तट पाडायचे, आडोशाला लपायचं, आणि प्लास्टिकच्या छऱ्यांनी एकमेकांना टिपायचं. ज्याला लागेल त्याने स्वतःच हात वर करून ‘लागली’ म्हणायचं आणि बाहेर व्हायचं. पंच नाही, कोणी पाहणारा नाही. दादांना हे फार नवलाचं वाटलं. ते म्हणाले, निवडणुकीले उभा राहणारा माणूस ह्या खेळात टिकणार नाही.

तर भाची. आमच्याकडे, छत्तीसगड जिथून हाकेच्या अंतरावर आहे तिथे, मामा भाचीच्या पाया पडतो. पश्चिमेकडच्या पाहुण्यांना हे उलटं वाटतं, पण आम्हाला सरळ वाटतं. भाचा किंवा भाची दाराशी आली की मामा उठतो, मग तो सत्तरचा असो आणि ती सात महिन्यांची. भाचीला पाय लागला तर पाप, तिच्यावर हात उचलणं तर बोलायचंच नाही. माझे वडील त्यांच्या भाच्याच्या पाया पडायचे तेव्हा आधी टोपी काढायचे आणि मग चष्मा काढून खिशात ठेवायचे. ह्यात शास्त्र काही नव्हतं. एकदा वाकताना त्यांचा चष्मा भाच्याच्या अंगठ्यावर पडला होता, इतकंच. पण मी लहानपणापासून ते पाहिलं, आणि मला चष्मा लागल्यावर माझाही हात आपोआप तिकडे जाऊ लागला. चष्मा काढायचा, वाकायचं. माझ्या लेखी ह्या दोन हालचाली नाहीत, एकच आहे. दिवसभर चष्मा नाकावर, आणि देवासमोर, वडीलधाऱ्यांसमोर, भाचीसमोर तो हातात.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो. पुढे घाई होणार आहे.

पल्लवीने पहिली पेटी उघडली तेव्हा पहिल्यांदा बाहेर आले ते कपडे. हिरवे, खाकी, पानापानांचे. ती ते अंगावर धरून दाखवत होती, आणि दादा ओसरीवर सुपारी कातरता कातरता थांबले.

“हे घालून झाडीत जाऊन राहिली का तू?”

“त्यासाठीच असतात दादामामा. दिसू नये म्हणून.”

“तुमच्या हैदराबादेत दिसू नये म्हणून असन. इथं असं घालून, हातात बंदूक घेऊन कोणी दिसलं ना बाई, तर लोकं खेळ समजत नाही.”

ते आवाज न चढवता बोलले आणि पुन्हा सुपारीकडे वळले. आमच्या नक्षलग्रस्त भागात ह्या गोष्टीची कोणी थट्टा करत नाही. कपड्यांची घडी परत पेटीत गेली. मला त्या पोरीचं कौतुक वाटलं, कारण तिने वाद घातला नाही. ती म्हणाली, बरोबर आहे, हा नियम माझ्या यादीत नव्हता. तिने मोबाईलवर खरोखरच तो लिहून घेतला.

मग उलटीच तयारी सुरू झाली. ज्यांनी दिसू नये त्यांनी जास्तीत जास्त दिसावं, असं ठरलं. घरातले सगळे भडक कपडे निघाले. दादा पोलीस पाटलाकडे जाऊन सांगून आले, की उद्या सकाळी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, खालच्या बांध्यांमध्ये आमची पोरंबाळं खेळणार आहेत, बंदुका खोट्या आहेत. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. मंडईची जाहिरात करत फिरणाऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी तेही सांगायला लावलं. त्यामुळे दंडारीच्या नाचाची वेळ, नाटकाचं नाव आणि आमचा खेळ हे एकाच दमात गावभर झालं. दुसऱ्या दिवशी शेताच्या धुऱ्यांवर पाहायला आलेली माणसं मंडईपेक्षा थोडीशीच कमी होती.

सकाळी पल्लवीने आम्हाला बांधीच्या काठावर रांगेत उभं केलं. बांधी म्हणजे धानाचा वाफा. कापणी झाल्यावर तिच्यात वीतभर खुंट उरतात आणि भोवती गुडघ्याएवढे मातीचे धुरे. लपायला ते धुरे पुरेसे होते. धानाच्या पुंजण्यांमागे मात्र लपायचं नाही, ही वहिनींची अट. छर्रा धानात गेला तर मिलमध्ये आमच्याच भावजींच्या थाळीत निघंल, असं त्या म्हणाल्या. गाईगुरांच्या तणसाकडेही नळी वळवायची नाही. सगळीकडून सुतळी बांधली होती. सुतळीच्या आत खेळ, बाहेर माणसं.

रांगेत आम्ही दहाबारा जण होतो; बंदुका आणि गॉगल तिने ऑफिसातल्या लोकांकडून मागून आणले होते. मी लग्नातला मरून कुर्ता घातला होता. तो पोटावर ताणला जात होता. माझी बायको संध्या तोतापुरी रंगाच्या पंजाबी ड्रेसमध्ये. ती गोंदिया शहरातली, तिचं अर्धं बोलणं हिंदीत असतं आणि रागावली की पूर्ण. ती पल्लवीच्या तटात गेली, मी दादांच्या.

“गॉगल,” पल्लवी म्हणाली. “सुतळीच्या आत पाऊल टाकायच्या आधी चढवायचा. सुतळीच्या बाहेर आल्यावर काढायचा. मधे घाम आला, धुकं धरलं, डास शिरला, तरी नाही.”

मी माझा चष्मा दाखवून म्हणालो, हा आहे की. ह्यावर तिने जे केलं ते मी मिलमध्ये बऱ्याच जणांना सांगितलं आहे. तिने हात पुढे केला. मी चष्मा दिला. घरी दुसरा होता. तिने तो धुऱ्यावर ठेवला, शेजारी तिचा एक गॉगल ठेवला, आम्हाला मागे सरकवलं, आणि दहा पावलांवरून आधी गॉगलला एक छर्रा मारला, मग चष्म्याला. गॉगलवर ओरखडासुद्धा नव्हता. माझ्या चष्म्याची उजवी काच धुऱ्याच्या मातीत चार ठिकाणी होती.

“कळलं का मामाजी?” ती म्हणाली.

कळलं होतं. चांगलंच कळलं होतं. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय तिने तिथेच संपवून टाकली.

बाकीचे नियमही तिने असेच एकेक करून दाखवले. बोट घोड्यावर नाही, घोड्याच्या बाजूला. नळी जमिनीकडे. खेळ नसताना नळीच्या तोंडाला कापडाची पिशवी, म्हणजे चुकून सुटलाच तर छर्रा तिच्यात अडकेल. तिच्याकडे दोनच पिशव्या होत्या, म्हणून वहिनींनी रात्रीतून जुन्या परकराच्या दहा शिवून ठेवल्या होत्या, नाडीसकट. दहा पावलांच्या आत कोणी सापडला तर मारायचं नाही, नुसतं ‘धरला’ म्हणायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: आत परका माणूस दिसला, ढोर शिरलं, कोणाचा चेहरा उघडा दिसला, तर ज्याला दिसेल त्याने ‘थांबा’ ओरडायचं, आणि सगळ्यांनी तिथल्या तिथे थांबायचं.

ऐकताना मला गंमत वाटत होती. आम्ही ज्या गावात उभे होतो तिथे मळणीयंत्राच्या पट्ट्यावर झाकण असतं हे कोणाला माहीत नाही. दोन जणांची बोटं त्यात गेली आहेत आणि ते दोघेही त्याच यंत्रावर काम करतात. हेल्मेट आमच्याकडे कोपरात अडकवायची वस्तू आहे. मी स्वतः मिलमध्ये कोंड्याच्या धुळीत रुमालही बांधत नाही, कारण सत्तावीस वर्षांत काही झालं नाही. त्या सकाळी आम्ही सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्याने, एका हाताने एकमेकांना धरून आलो होतो, आणि ट्रॉलीतून उतरून प्लास्टिकच्या छऱ्यापासून जीव कसा वाचवायचा ते शिकत होतो. पल्लवीच्या ते लक्षात आलं असावं. पण तिने गॉगल वाटायला घेतले. पाहुणी होती.

खेळ सुरू झाला.

त्या दीड तासाबद्दल मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर जमीन. पन्नाशीचा माणूस पोटावर पडून जमीन पाहत नाही. कापलेल्या धानाच्या खुंटांमधून गवताची पाती डोकावत होती. त्यांच्यावर दव होतं. एक खेकडा धुऱ्यातल्या बिळाच्या तोंडाशी येऊन मला पाहून परत गेला. माती पोटाला गार लागत होती. वरून छर्रे जाताना नुसता टिक टिक आवाज यायचा. मंडईच्या भोंग्यावरचं गाणं वाऱ्याबरोबर येऊन जाऊन राहिलं होतं. मला तीनदा लागली, तिन्हीदा मी हात वर करून ‘लागली’ म्हणालो, आणि धुऱ्यावरच्या लोकांनी तिन्हीदा टाळ्या वाजवल्या. माझा एकही छर्रा कोणालाही लागला नव्हता. दादा म्हणाले, तू कायले मारून राहिला, तू नुसता त्यायले दिसत जा, तेवढीच आम्हाले मदत.

चौथ्या डावात मी दोन बांध्यांच्या कोपऱ्यावर पडून होतो. वीसेक पावलांवर धुऱ्यापलीकडे काहीतरी केशरी हललं. मी नळी वळवली आणि घोडा ओढला. केशरी उभं राहिलं, हात वर गेला, आणि स्वच्छ आवाज आला: “लागली.”

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी टिपलं होतं. त्याचा आनंद मला पुरता एक श्वासभर झाला. दुसऱ्या श्वासाला लक्षात आलं की केशरी म्हणजे पल्लवी. मी भाचीला मारलं होतं.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मी उठलो, बंदूक धुऱ्यावर ठेवली (पिशवी न घालता, हेही सांगितलं पाहिजे), ती बाहेर निघाली होती तिच्यापाशी पोचलो, डाव्या हाताने गॉगल काढला आणि वाकलो.

माझी बोटं तिच्या बुटाला लागली तेवढ्यात ती ओरडली, “थांबा.” ती माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत होती. ती कुठे पाहतेय म्हणून मी उठता उठता मान वळवली. पलीकडच्या धुऱ्यामागे तोतापुरी रंग होता. संध्याला समोरून ऊन होतं. तिला फक्त मरून कुर्ता वाकून पुढे सरकताना दिसला होता, आणि तिने नेम धरला होता. ‘थांबा’ तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा छर्रा निघून गेला होता.

दुखलं असं नाही. कोणीतरी डाव्या डोळ्यावर जोरात टिचकी मारावी तसं वाटलं. मग त्या डोळ्यापुढे सगळं लाल, नंतर गढूळ, रोवणीच्या वेळी बांधीतलं पाणी असतं तसं. मी खाली बसलो. लोक धावत सुटले, आणि त्या गोंधळात पल्लवीचा आवाज ऐकला: “आधी बंदुका रिकाम्या करा, पिशव्या घाला, मग इकडे या.” आणि सगळ्यांनी केल्या. माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा. आधी बंदूक रिकामी केली, नाडी बांधली, मग माझ्याकडे आला. तेव्हा मला ते जरा लागलं होतं. आता वाटतं, तिचं बरोबर होतं. दहा घाबरलेली माणसं भरलेल्या बंदुका घेऊन माझ्यावर ओणवी झाली असती तर मला दुसरा डोळाही राहिला नसता.

संध्या सगळ्यात शेवटी आली. तिने गॉगल काढला नव्हता. त्याच्या आतून धुकं धरलं होतं.

“गॉगल काऊन काढला तुम्ही?” एवढंच ती म्हणाली. मी गाडीवर बसेपर्यंत हेच चारदा म्हणाली.

गावातून पक्क्या रस्त्यापर्यंत मला मोटारसायकलवर नेलं. पुढे पुतण्या, मधे मी, मागे दादा मला धरून. हेल्मेट कोणालाच नाही.

गोंदियातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवून बराच वेळ पाहिलं. बुबुळापुढच्या पाण्यात रक्त उतरलं होतं. ते खाली साचलं आहे, आपोआप जिरेल, पण पुन्हा सुटलं तर नजर जाईल, असं त्यांनी सांगितलं. रोज येऊन डोळ्यातला दाब दाखवायचा, उशा उंच घेऊन पडायचं, काही वाचायचं नाही. मी विचारलं, तांदूळ पाहिला तर चालेल का. त्यांना वाटलं मी जेवणाचं विचारतोय. ते म्हणाले, खाओ, आराम से खाओ. मग बोट उचलून म्हणाले, “बस, झुकना नहीं है. पंधरा दिन. चप्पल भी कोई और पहनाएगा.”

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सरळ दिवस. मी कोणापुढे वाकलो नाही. डोळ्यावर भोकाभोकांची झाकणी. वेळ झाली की संध्या यायची, झाकणी काढायची, थेंब टाकायची, झाकणी लावायची. ती एरवी बोलकी बाई आहे. त्या दिवसांत ती दर वेळी फक्त विचारायची, किती बोटं. मी सांगायचो. पहिले चार दिवस मी अंदाजाने सांगायचो. तिने बोटं बदलली नसली तर बरोबर यायचं. ती बदलायची. चुकीचं आलं की ती थेंबांची बाटली फडताळात ठेवायची, आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ यायची नाही.

मिलमध्ये हंगाम तोंडावर होता. शेठ भेटायला आले. मोसंबी आणली. तुम आराम करो, म्हणाले, काम की चिंता मत करो, मशीन नीचे उतार ली है. चांगल्या मनाने म्हणाले. मी मान हलवली, तीही सावकाश, दाब वाढू नये म्हणून. ते गेल्यावर उजव्या डोळ्याने भिंतीकडे पाहत पडलो. यंत्राला डावा-उजवा डोळा नसतो, मंडई नसते आणि भाचीही नसते. मला दुसरं काही येत नाही. दाणा पाहणं येतं. एका डोळ्याने दाण्याची खोली कळत नाही, पोचट आणि भरलेला सारखेच दिसतात. हे मी घरातल्या तांदळावर गुपचूप पाहून ठेवलं होतं.

पल्लवीची सुट्टी पाचव्या दिवशी संपली. ती आमच्याकडेच राहिली होती, पण माझ्या खोलीत यायची ती दारापर्यंत. निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. पिशव्या दाराशी आल्या आणि अडचण उभी राहिली. भाची घरातून निघाली आहे आणि मामाला वाकायची बंदी आहे.

पल्लवी म्हणाली, राहू द्या ना मामाजी. ताई म्हणाली, एखाद्या वेळेला चालतं. मला मात्र ते चालेना. मारलं तर मीच होतं तिला, आणि त्याचं वाकणं अर्धंच राहिलं होतं. मी म्हटलं, मी वाकत नाही, पाय वर आणा. संध्या पाच दिवसांत पहिल्यांदा हिरिरीने कामाला लागली. वऱ्हांड्यात वर्षभराच्या तांदळाची पोती होती, तीनावर तीन. ताईने त्यांच्याकडे बोट केलं. संध्या म्हणाली, अन्नावर पाय ठेवून कोणी उभं राहतं का. मग जेवायचं टेबल. तेही त्याच कारणाने बाद. शिवणयंत्र हललं असतं. शेवटी तिने पल्लवीला गच्चीच्या जिन्यावर चढवलं. पाचव्या पायरीवर तिचे पाय कठड्याच्या गजांमधून बरोबर माझ्या छातीशी आले. मी ताठ उभा राहून दोन्ही हात पुढे केले. सवयीने डावा हात आधी डोळ्याकडे गेला. तिथे झाकणी होती.

“मामाजी,” पल्लवी वरून म्हणाली, “झाकणीला हात लावायचा नाही.”

मी हात खाली घेतला आणि तिच्या पावलांवर ठेवला.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “सगळं सांगितलं मी. आपल्या घरातले लोक काय करतील त्याचा विचारच केला नाही. हे सांगायचं राहिलं.”

मी म्हटलं, हे तुला तरी कसं सुचणार. संध्या जिन्याखाली उभी होती. ती म्हणाली, “मुझे तो सूझना चाहिए था ना. माझा नवरा आहे तो.” आणि मग ती रडली, पाच दिवसांचं. आम्ही तिघं तसेच होतो. एकजण पाचव्या पायरीवर, एकजण तिचे पाय धरून, एकजण भिंतीला टेकून. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता.

रक्त जिरलं. बोटं बरोबर यायला लागली, बदलली तरी. वीस दिवसांनी मी मिलमध्ये गेलो. शेठनी यंत्र बाजूला सरकवून थाळी पुढे केली. मी दाणे पसरले आणि मोजायला लागलो. काळा दाणा. दुसरी थाळी घेतली. काळा दाणा. तिसरी. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यात एखादा ठिपका राहील, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. पण लक्ष देणं हाच माझा धंदा. त्या दिवशी तीन शेतकऱ्यांच्या धानाला मी उगीच डाग लावला असता. थाळी हातातून जरा हलली म्हणून कळलं. दाणे थाळीबरोबर सरकले, तो सरकला नाही. मग मान हलवून पाहिली. तो माझ्याबरोबर आला. तेव्हापासून मी प्रत्येक थाळी एकदा हलवतो. थाळीबरोबर गेला तर शेतकऱ्याचा, माझ्याबरोबर आला तर माझा. लोकांना वाटतं ही जुन्या माणसाची पद्धत आहे. एकदोन नवी पोरं तशी थाळी हलवायलाही लागली आहेत. यंत्र परत कपाटावर गेलं.

नियम मला त्या सकाळी सगळे पाठ होते, अजूनही आहेत. पण गॉगलशी माझ्या हाताची ओळख दीड तासाची होती आणि वाकण्याशी पन्नास वर्षांची.

ह्या वर्षी पल्लवी बंदुका आणणार नव्हती. दादांनी फोन करून सांगितलं, पाटलाले सांगून झालं, रिक्षावाल्यालेही सांगून झालं, आता तू नाही आणशील तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. ती घेऊन आली. मागच्या रविवारी त्याच बांध्यांमध्ये सुतळी बांधली गेली. ह्या वेळी नियम पुठ्ठ्यावर लिहून मोहाच्या झाडाला टांगले होते. पहिला नियम हिरव्या कपड्यांचा, दादांचा. शेवटचा वेगळ्या शाईत होता: ‘आत कोणीही कोणाच्याही पाया पडायचं नाही. राहवलंच नाही तर गॉगल घालून.’ संध्या खेळायला आली नाही. ती सुतळीबाहेर माझ्या नव्या चष्म्याची डबी हातात घेऊन उभी होती.

मला तुझ्याच तटात घे, असं मी पल्लवीला म्हटलं होतं. म्हणजे प्रश्नच नको. तरी तिसऱ्या डावात गडबडीत माझाच एक छर्रा धुऱ्यावरून उसळून तिच्या दंडाला लागला. ती थांबली. हात वर केला. “लागली,” म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली. सुतळीबाहेरून संध्याही पाहत होती. माझा डावा हात वर जायला निघाला होता. तो मी अर्ध्यावरून परत आणला. नळीला पिशवी घातली, नाडी बांधली, ‘थांबा’ म्हणून ओरडलो, सगळे थांबले, आणि मी वाकलो.

तिच्या बुटाशी, खुंटांच्या मधे, तो होताच. काळा, गोल. सवयीने मी मान जराशी डावीकडे हलवली. तो हलला नाही.

बोटाने माती उकरली. मागच्या वर्षीचा छर्रा होता. चिखलणी, रोवणी, कापणी सगळं वरून जाऊन तो चिखलाने काळा पडला होता, आत तसाच टणक. हे छर्रे वर्षभरात विरून माती होतात, असं पल्लवीने सांगितलं होतं. मी तो उचलून कुर्त्याच्या खिशात टाकला, आणि मग दोन्ही हात तिच्या पायांवर ठेवले.

“गॉगल आहे ना?” पलीकडून संध्याने विचारलं.

आहे, म्हटलं.